सात नंबरची कोरडी होडी

बंदराच्या मागच्या अंगाला, जिथे गाळ साचतो आणि साहेब फिरकत नाहीत, तिथे अकरा होड्या एकमेकींना बांधून ठेवलेल्या होत्या. होड्या म्हणायचं ते जनाची लाज म्हणून. एकीचा रंग उडून फळ्या उघड्या पडल्या होत्या, दुसरीच्या केबिनला काचा नव्हत्या, तिसरीच्या डेकवर इतकं गवत माजलं होतं की एखादी शेळी बांधली असती तर सुखानं जगली असती. पण अकराच्या अकरा तरंगत होत्या, आणि ते सगळं पंपबाईमुळे.

पंपबाईचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं. नवरा वारला तेव्हा त्याचा डिझेलचा पंप आणि त्याची नोकरी, दोन्ही तिच्या गळ्यात पडली. काम सरळ होतं. सकाळी लहान होडक्यात पंप टाकायचा, एकेका होडीला जाऊन लागायचं, पाइप तळाशी सोडायचा, रात्रभरात आत शिरलेलं पाणी ओढून बाहेर टाकायचं आणि पुढच्या होडीवर जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पाणी, पुन्हा तोच पाइप. एकवीस वर्षं ती समुद्राचं पाणी उचलून समुद्रात टाकत होती आणि त्याबद्दल तिला पगार मिळत होता. यापेक्षा बिनडोक काम जगात दुसरं नसेल, असं ती स्वतःच सांगायची.

आता एवढ्या होड्या कुणी जगवल्या कशाला, असं कुणालाही वाटेल. त्याचं उत्तर कचेरीच्या नियमात होतं. होडी तरंगते आहे तोवर ती मालकाची. बुडाली की ती कचेरीची, आणि मग महिन्याच्या आत क्रेन आणून ती बाहेर काढायची, फोडायची, नेऊन टाकायची. क्रेन महाग आणि बाई स्वस्त. साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, पण हे गणित प्रत्येकाला पहिल्याच दिवशी समजायचं.

मालकांबद्दल पंपबाई बोलायला लागली की ऐकणाऱ्याची करमणूक व्हायची. पाच नंबरचे मालक दोघे सख्खे भाऊ. होडी कुणाची यावर चौदा वर्षं कोर्टात भांडत होते, आणि जिच्यासाठी भांडत होते तिच्या सुकाणूपाशी आळंबी उगवली होती. नऊ नंबर एका निवृत्त मास्तरांची. निवृत्तीनंतर जगाची सफर करायची म्हणून घेतलेली. सफर धक्क्यापासून तीस हातांवर अडकली होती. सात नंबर एका दंतवैद्याची. लोकांचे किडलेले दात हा माणूस एका झटक्यात उपटायचा, पण स्वतःच्या किडलेल्या होडीला हात लावायचा म्हटलं की त्याचं काळीज गलबलायचं.

हे सगळे मालक वर्षातून एकदा यायचे. पांढरे बूट घालून, सोबत एखादा पाहुणा घेऊन. केबिनमधली फळी उचलून खाली वाकून बघायचे. खाली कोरडं, कारण पंपबाई तासाभरापूर्वीच जाऊन आलेली. मग पाहुण्याकडे वळून म्हणायचे, "बघा, जुनं लाकूड ते जुनं लाकूड. थेंब घेत नाही." पाहुणा मान डोलवायचा. पंपबाई शेजारच्या होडीवर पाइप गुंडाळत हे ऐकायची आणि धक्क्यावरच्या चहावाल्याला येऊन सांगायची, "आला होता शहाणा. माझं काम बघून स्वतःच्या लाकडाची तारीफ करून गेला."

चेष्टा करण्यासारखी गोष्ट खरं तर नव्हती. पूर्वी त्या होड्या बारा होत्या. एकदा पंपबाई तापानं तीन दिवस झोपून राहिली आणि बारा नंबर गेली. गेली म्हणजे गाळात बसली, डोलकाठीचं टोक पाण्याच्या वीतभर खाली. कचेरीनं त्या जागी खूण म्हणून नारंगी पिंप बांधलं, ते चौथ्या दिवशी कुणीतरी चोरून नेलं, आणि आठव्या दिवशी प्रवाशांची लाँच थेट त्या टोकावर चढली. लाँचचं पोट फाटलं. माणसं वाचली ती खलाशांच्या हुशारीनं. तळातलं जुनं डिझेल पसरून महिनाभर सगळ्या बंदराला घाण वास येत होता. त्याच वर्षी फोटो काढायला आलेला एक हौशी गृहस्थ तीन नंबरच्या डेकमधून कमरेपर्यंत खाली गेला आणि दोन तास तसाच उभा राहिला. चौकशीच्या कागदावर कचेरीनं दोन्ही वेळा एकच कारण लिहिलं, नागरिकांचा निष्काळजीपणा.

असं सगळ्यांना नावं ठेवणाऱ्या या बाईचा धाकटा भाऊ तीन वर्षांपासून सात नंबरवर राहत होता.

भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. बंदराच्या मागच्या गल्लीत त्याचं जेमतेम खुर्चीएवढं दुकान होतं. बायको गेली, भाड्याची खोली मालकानं काढून घेतली, आणि तेव्हाच दंतवैद्यानं घड्याळाला पट्टा लावता लावता म्हटलं, "माझी होडी रिकामीच आहे, राहा की. तेवढीच राखण होईल." भावाला आनंद झाला. पंपबाईचीही खोली होती, पण तिच्यात एक खाट मावली की दार उघडायला जागा उरत नव्हती.

मागच्या अंगाच्या होड्यांवर कुणी राहायचं नाही असा कचेरीचा हुकूम होता. महिन्यातून एकदा तपासनीस यादी घेऊन यायचा आणि यादीतली प्रत्येक होडी बघायचा. पंपबाईनं यादीत सात नंबरपुढे स्वतःच्या हातानं 'विकली' असं लिहून टाकलं. तपासनीस विकलेल्या होडीकडे ढुंकून बघायचा नाही. भाऊ सुखरूप राहिला.

एवढ्यावर थांबलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण सात नंबर ही अकरांतली सगळ्यांत गळकी होडी होती. सुकाणूकडच्या बाजूला लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनी चाळण केली होती. भाऊ साडेआठला दुकानात जायचा आणि नऊ वाजता पंपबाई पहिला पाइप तिथे टाकायची, वरची झडप उघडून, पायपुसणंसुद्धा जागचं हलू न देता. संध्याकाळी भाऊ परत यायचा तेव्हा खाली कोरडं ठणठणीत. मग बहीणभाऊ डेकवर चहा घेऊन बसायचे आणि भाऊ इतर होड्यांकडे बघून हसायचा.

"ताई, आमचे दंतवैद्य तेवढे शहाणे हं. बाकी सगळ्या चाळण्या. माझी बघ, तीन वर्षांत थेंब नाही."

"हो रे बाबा," पंपबाई म्हणायची आणि चहाकडे बघायची.

सांगायला काय झालं होतं? भावाची मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. दर महिन्याला फोन करून बोलवायची. बाबा, इकडे या, तुमच्यासाठी खोली ठेवलीय. तो म्हणायचा, इथे काय वाईट आहे, होडी चांगली आहे, तुला कशाला त्रास. होडी चांगली नाही, हे एक वाक्य पंपबाईनं उच्चारलं असतं तर आठवड्याच्या आत तो बॅग भरून गेला असता. ते वाक्य तिनं तीन वर्षं दाताखाली धरून ठेवलं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, संध्याकाळी समोर बसून चहा प्यायला हे एक माणूस उरलेलं, आणि ते तिला जाऊ द्यायचं नव्हतं. इतकी साधी गोष्ट. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण तिच्यासाठीच केली असावी.

मग तिच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. डॉक्टर म्हणाले, सोमवारी सकाळी या, संध्याकाळी घरी. तिनं हिशेब केला. सोमवारी पहाटे भाऊ होडीवर असणार, तेव्हा पंप लावता येत नाही, पण एक दिवसानं सात नंबरला काही होत नाही. मंगळवारी एका डोळ्यानं जाऊन उपसू. बाकीच्या दहांसाठी कचेरीनं आठवड्याचा बदली माणूस नेमला.

सोमवारी दवाखान्यात तिची साखर वाढलेली निघाली. शस्त्रक्रिया मंगळवारवर गेली. मंगळवारी ती झाली, आणि डॉक्टरांनी बजावलं की बुधवारी तपासल्याशिवाय सोडणार नाही, वाकायचं नाही, उचलायचं नाही. पंपबाई डोळ्यावर पट्टी घेऊन खाटेवर पडली आणि बोटांवर दिवस मोजायला लागली. बारा नंबर तिसऱ्या दिवशी गेली होती.

दुपारी तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून फोन मागून बदलीवाल्याला लावला.

"सात नंबरलाही पाइप टाक."

"सात नंबर विकलीय, बाई. तुमच्याच अक्षरात लिहिलंय."

"लिहिलंय ते राहू दे. दहा मिनिटांचं काम आहे."

"यादीत नसलेल्या होडीवर मी चढलो आणि काही झालं, तर साहेब मला धरतील. तुम्ही साहेबांना सांगा, साहेब मला सांगू देत. मग टाकतो."

बदलीवाला एक नंबरचा आळशी होता, पण बोलला ते बरोबर होतं, आणि आळशी माणूस बरोबर बोलला की त्याच्याइतकी चीड कशाचीच येत नाही. साहेबांना सांगायचं म्हणजे भाऊ रस्त्यावर. तिनं भावाला फोन लावला.

"होडी कशी आहे रे?"

"होडीला काय झालंय? तू डोळ्याकडे लक्ष दे." दुकानातल्या घड्याळांची टिकटिक मागे ऐकू येत होती. "खालून जरा डिझेलचा वास येतोय दोन दिवस. खिडकी उघडून झोपतो."

तळात पाणी चढलं की जुनं डिझेल त्यावर तरंगत वर येतं, हे पंपबाईला सांगायला कुणी लागत नव्हतं. केबिनमधल्या फळीखालीच भावाचा गॅसचा सिलिंडर होता आणि दिव्यांची बॅटरी. आता तरी बोलावं. पण ती एवढंच म्हणाली, "आजची रात्र दुकानात झोप."

"दुकानात मी बसतो तेच पाय दुमडून. झोपू कुठे, काउंटरवर? ताई, तुला तिथे करमत नाहीये, म्हणून काहीही सुचतंय." तो हसला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवून दिला.

ती पुन्हा लावू शकली असती. एकदा नाही, दहादा. शेजारीण फोनसाठी हात पुढे करून वाट बघत होती. पंपबाईनं "झालं" म्हणून तो परत दिला. या एका "झालं"साठी तिनं पुढे स्वतःला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या त्या मालकांना एकवीस वर्षांत मिळून दिल्या नव्हत्या.

बुधवारी उजाडताच ती उठली. नर्स दुसऱ्या खोलीत गेल्याचं बघून जिना उतरली, रस्त्यावर पहिली दिसली ती गाडी थांबवली आणि साडेसातला बंदरात पोचली. होडकं सोडलं आणि एका डोळ्यानं वल्हवत निघाली. एका डोळ्याला अंतर नीट कळत नाही, त्यामुळे ती तीन नंबरवर धडकली, सहा नंबरला घासली, आणि सात नंबरसमोर येऊन थबकली. होडीच्या पोटावर लाल पट्टा होता. पाण्याच्या वर हातभर दिसायचा. आज दिसतच नव्हता.

भाऊ डेकवर आरसा टांगून दाढी करत होता. अर्धा गाल साबणाचा, अर्धा मोकळा.

"तू इथे कशी? डॉक्टरांनी सोडलं?"

"उतर खाली. सामान घे आणि उतर."

"अगं, झालं काय?"

"होडी बुडतेय."

तो हसला. वस्तरा हातात धरून अगदी मनापासून हसला. "ही? ताई, डोळ्याला पट्टी आहे तुझ्या, म्हणून तुला तसं वाटतंय. ये, दाखवतो. फळी उचलून दाखवतो."

अगदी मालकासारखा बोलला. तोच आवाज, तोच तोरा, फक्त पांढरे बूट नव्हते. पंपबाई वर चढली, केबिनमध्ये गेली आणि डॉक्टरांनी जे करू नको म्हणून बजावलं होतं नेमकं तेच केलं. वाकली आणि फळी उचलली.

खाली काळं, तेलकट पाणी होतं, फळीपासून चार बोटांवर. त्यात सिलिंडर आडवा होऊन बाजूच्या लाकडावर टकटक आपटत होता. बॅटरी पाण्यात अर्धी गेली होती. वासानं दोघांनाही ठसका लागला.

"हे कधी आलं?" भाऊ म्हणाला.

"रोज येतं. रोज सकाळी नऊ वाजता मी काढते. तीन वर्षं. आता बोलू नकोस. दिवा लावू नकोस, काडी ओढू नकोस. घड्याळं घे."

त्यानं लोकांच्या घड्याळांची पेटी घेतली, अवजारांचा डबा घेतला, बायकोचा फोटो शर्टात कोंबला. पंपबाईनं तोवर सहा आणि आठ नंबरला बांधलेले दोर सोडले, नाहीतर ही बया जाताना शेजारणींनाही घेऊन गेली असती. एक दोर ताणून घट्ट बसला होता, तो भावाच्या वस्तऱ्यानं कापावा लागला. वरच्या फळ्या वर्षानुवर्षं उन्हात वाळून आक्रसल्या होत्या आणि त्यांच्या फटींत बोट जात होतं. पाणी तिथवर चढलं की मग कुठलाही पंप पुरत नाही. दोघं होडक्यात बसून वीस-पंचवीस हात लांब गेले असतील नसतील, तोच ते चढलं. आधी सुकाणूकडची बाजू खचली, केबिनच्या खिडकीतून पाणी आत ओतलं गेलं, आणि सात नंबर कसलाही गाजावाजा न करता खाली बसली. आरसा तेवढा थोडा वेळ तरंगला.

भाऊ अर्ध्या दाढीनं बघत राहिला. अजून दहा-पंधरा मिनिटांनी तो त्या केबिनमध्ये चहासाठी काडी ओढणार होता.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"हो."

"आणि मला तू तिथे झोपू दिलंस. का?"

कारण तिच्या जिभेवर होतं. पण सवय वाईट. "तुझ्या दंतवैद्याला विचार," ती म्हणाली आणि वल्हं उचललं. "होडी त्याची."

उरलेली अर्धी दाढी भावानं दुकानात केली, लोकांची घड्याळं लोकांना परत दिली, आणि शुक्रवारी दुपारच्या गाडीनं मुलीकडे निघून गेला. पंपबाई तेव्हा दवाखान्यात डॉक्टरांची बोलणी खात होती. डोळा वाचला होता, आणि तो आपण कसा वाचवला हे डॉक्टर प्रत्येक खाटेला सांगत होते.

आठवड्यानं ती कामावर गेली. बुडालेली सात नंबर कचेरीला मोठी गैरसोयीची ठरली होती, कारण विकलेली होडी बुडाल्यावर कुणाची, हे नियमात नव्हतं. साहेबांनी तिला बोलावलं.

"'विकली' असं कुणी लिहिलं?"

"मी. माझा भाऊ राहत होता तिथे, म्हणून."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. खरं बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं, याचीही तरतूद नियमात नव्हती. "बाई, असं बोलू नका. आपण लिहू की वादळ आलं होतं."

"वादळ नव्हतं. आणि आजपासून मी एकही होडी उपसणार नाही. हा पंप."

तिनं पंपाची किल्ली टेबलावर ठेवली, कचेरीच्याच फोनवरून मालकांचे नंबर एकामागून एक फिरवले आणि प्रत्येकाला तेच सांगितलं. तुमची होडी गळते. रोज गळते. ती मी तरंगत ठेवत होते, आता ठेवणार नाही. तीन दिवसांत येऊन घेऊन जा, नाहीतर फोडायला द्या. पाच नंबरच्या दोघा भावांपैकी थोरला म्हणाला, धाकट्याला सांगा. धाकटा म्हणाला, थोरल्याला सांगा. मास्तर म्हणाले, "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय, आमची कोरडी असते." बुडालेल्या होडीचा दंतवैद्य म्हणाला, "पण मी स्वतः फळी उचलून बघितली होती." साहेब घाम पुसत ऐकत होते आणि तिसऱ्या फोननंतर त्यांनी क्रेनवाल्याचा नंबर शोधायला घेतला. बारा नंबरनंतर तो पहिल्यांदाच कुणी शोधत होतं.

दुपारी ती धक्क्यावर चहा घेऊन बसली होती तेव्हा भावाचा फोन आला. जाऊन आठवडा झाला होता आणि हा पहिला फोन.

"डोळा कसा आहे?"

"बरा आहे. तू?"

"तिसऱ्या मजल्यावर आहे. इथे पाणी चढत नाही." मग विचारलं, "आज किती उपसल्यास?"

"एकही नाही. किल्ली परत दिली. सगळ्यांना फोन करून खरं काय ते सांगून टाकलं."

तो म्हणाला, "हे माझ्या वेळी नाही सुचलं?"

"रोज सुचायचं," पंपबाई म्हणाली. "पण मग तू गेला असतास."

पलीकडे कपबशी वाजली. त्यानं फोन ठेवला नाही.